जाळ्यात अडकलेली कासवं: आपल्या समुद्रातलं प्लास्टिक नेमकं कुणाचं?

गुहागरी (धागाकर्ता)

यंदाही जुलैच्या उधाणात आमच्या किनाऱ्याला कासव लागलं. अंडी घालायला आलेलं नव्हे, तो हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्चचा. हे वाऱ्यापाण्यानं ढकलत आणलेलं. ऑलिव्ह रिडले जातीची पूर्ण वाढलेली मादी, आणि तिच्याभोवती जाळ्याचा एवढा गुंता की लांबून कासव दिसतच नव्हतं.

जवळ गेल्यावर कळलं की तो गुंता एका जाळ्याचा नाहीच. हिरव्या जाड सुताचं ट्रॉलरचं जाळं, त्यात पांढऱ्या तंगूसचे (नायलॉनच्या बारीक तारेचे) तुकडे, निळा दोर, थर्माकोलचे तरंगे, तेलाचा रिकामा कॅन आणि गुटख्याच्या पुड्यांची अख्खी माळ. पुढच्या उजव्या फ्लिपरमध्ये (वल्ह्यासारख्या पायात) तंगूस इतकी रुतली होती की मांस कापून आतलं हाड दिसत होतं. पाठीवर शेवाळ आणि बार्नेकल (कवचाचे बारीक समुद्री जीव) चिकटलेले, म्हणजे बरेच दिवस ही बुडी न मारता वरच तरंगत असणार. जिवंत होती. वनविभागाची माणसं आली आणि उपचारांसाठी घेऊन गेली.

आता मुद्द्याचं. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांना हाताशी धरून कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. आज कासव महोत्सवाला मुंबई-पुण्याहून गाड्या भरून लोक येतात, आंजर्ल्यालाही येतात. पिल्लं पाण्यात शिरली की टाळ्या पडतात. छान आहे, मीही दरवर्षी जातो. पण हजार पिल्लांतून एखादंच मोठं होतं असं तिथेच सांगतात आणि त्या एखाद्याला वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणजे जाळ्यात एक मोठी मादी गेली की आपण घरट्यावर केलेली कित्येक वर्षांची राखण गेली.

आणि प्लास्टिकविरोध म्हणून आपण करतो काय? कापडी पिशवी, स्टीलची बाटली. राज्यात २३ जून २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर स्ट्रॉ, काटे-चमचे, कान साफ करायच्या काड्या वगैरेंवर बंदी आहे. या याद्यांमध्ये जाळं कुठेच नाही. माझं मत असं की कोकणच्या समुद्रात मोठ्या जनावरांच्या जिवावर उठलेलं प्लास्टिक म्हणजे पिशवी नव्हे, जाळं. त्याबद्दल ना शाळेच्या प्रकल्पात काही असतं, ना किनारा सफाईच्या फोटोंखाली.

इथे मासेमारीतली मंडळी आहेत, डॉक्टर आहेत, केमिकलवाले आहेत. लिहा.

---

मांदेली

वाचून पोटात कालवलं. २०१५ मध्ये तो कोस्टा रिकाचा व्हिडिओ आला होता ना, कासवाच्या नाकातून पकडीनं स्ट्रॉ ओढून काढतात तो? तेही ऑलिव्ह रिडलेच होतं. तेव्हापासून आमच्या घरात स्ट्रॉ बंद. आता तुम्ही म्हणताय की स्ट्रॉचा काही संबंधच नाही?

---

आकडेमोड्या

मांदेलीताई, संबंध नाही असं नाही. पण वजनानं बघितलं तर समुद्रातल्या प्लास्टिकमध्ये स्ट्रॉ नगण्य आहेत. तो व्हिडिओ हृदयद्रावक होता म्हणून स्ट्रॉ बदनाम झाली. जाळ्याचा असा व्हिडिओ आधी गाजला असता तर कदाचित आज बंदी वेगळ्या गोष्टीवर असती.

गुहागरींच्या बाजूचा एक आकडा: उत्तर पॅसिफिकमध्ये जो मोठा कचरापट्टा आहे, त्याचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की तिथल्या प्लास्टिकच्या वजनात निदान ४६ टक्के मासेमारीची जाळी आहेत. हा आकडा लोक सगळ्या समुद्रांना लावतात, ते चूक. तो त्या एका पट्ट्याचा आहे. खोल समुद्रात भोवऱ्यात वर्षानुवर्षं टिकून राहतं ते जाळ्यासारखं दणकट प्लास्टिक, म्हणून तिथे ते जास्त. किनाऱ्याजवळ चित्र उलटं: पाकिटं, पिशव्या, बाटल्या, चपला.

दुसरा आकडा मला जास्त भरवशाचा वाटतो. २०२२ मध्ये सात देशांतल्या साडेचारशेच्या आसपास मच्छीमारांना विचारून काढलेला. त्यानुसार जगात वापरात असलेल्या मासेमारीच्या साधनांपैकी जवळपास २ टक्के दरवर्षी समुद्रात हरवतात. नुसती गिलनेट (पाण्यात पडद्यासारखी उभी सोडायची जाळी) घेतली तरी वर्षाला सुमारे ३,००० चौरस किलोमीटर.

आणि मुंबईकरांनो, लगेच हुश्श करू नका. २०२१ मध्ये नद्यांचा जो अभ्यास आला, त्यात समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी ८० टक्के हे हजारभर नद्यांतून जातं असं निघालं, आणि त्या यादीत आपली उल्हास अगदी वरच्या काही नावांत आहे. गंगा नाही, उल्हास! एवढीशी नदी, पण काठावर कर्जत ते कल्याण एवढी वस्ती आणि समुद्र हाकेच्या अंतरावर, त्यामुळे टाकलेलं वाटेत अडकून राहत नाही.

अवांतर: '२०५० पर्यंत समुद्रात माशांपेक्षा प्लास्टिक जास्त' हे वाक्य कृपया या धाग्यावर नको. समुद्रातले मासे वजनानं किती, हेच कुणाला नीट मोजता येत नाही.

---

खाडीकाठचा

बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहितो. आमची पिढ्यान्‌पिढ्या डोलीची मासेमारी, मुंबईच्या वरच्या अंगाला. 'जाळं मारतं' म्हटलं की पुढचं वाक्य 'म्हणजे कोळी मारतात' हे असतं, म्हणून आधीच सांगतो.

डोल म्हणजे तोंड उघडी ठेवलेली लांबलचक पिशवी. खुंटांना किंवा नांगरांना बांधून ठेवायची आणि पाण्याच्या ओढीनं जे आत येईल ते घ्यायचं. बोंबील, करंदी, जवळा, मांदेली. आम्ही माशाच्या मागे जात नाही, पाणी आणतं ते घेतो. आता पाणी काय आणतं ते ऐका. ओहोटीला खाडीतून उतरलेला शहराचा सगळा माल आधी आमच्या डोलीत येतो, मग समुद्रात जातो. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या फेऱ्यांत जाळं ओढताना जड लागलं की खलाशी खूश होत नाहीत, शिव्या घालतात. वर आलं की दुधाच्या पिशव्या, वेफरची पाकिटं, डायपर, औषधांच्या पट्ट्या, निर्माल्य पिशवीसकट. बोंबील अंगानं मऊ. तो पाकिटाच्या कडेला घासून फाटला की वलांडीवर (बोंबील सुकवायच्या मांडवावर) टांगायच्याही लायकीचा राहत नाही. शेवटी बर्फात घालण्याआधी बायका बसून एकेक बोंबील प्लास्टिकमधून वेगळा करतात. त्या वेळेचे पैसे कोण देतं? कुणी नाही.

जाळं हरवतं कसं तेही सांगतो. जाळं लाखाच्या घरात जातं हो, ते कुणी मुद्दाम फेकतं का? रात्री मोठे ट्रॉलर आमच्या डोलीवरून जातात, दोर कापले जातात, सकाळी गेलं तर नुसते खुंट. वादळात जातं. तळाच्या खडकाला किंवा बुडालेल्या लोखंडाला अडकतं, मग कापून सोडावं लागतं. मोठी जाळी जातात ती अशी.

पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे, कारण आमच्यातले लोक ती बोलत नाहीत. होडीवर जाळं शिवताना जे फाटके तुकडे, सुताची टोकं, कापलेली तंगूस निघते ती थेट पाण्यात जाते. पूर्वीही जायची. तेव्हा जाळी सुती नाहीतर सणाची होती, कुजून जायची. सवय तीच राहिली, सूत बदललं.

---

पॉलिमरवाला

खाडीकाठचा यांचं शेवटचं वाक्य या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. त्याला थोडी केमिस्ट्री जोडतो.

समुद्राचं पाणी साधारण १.०२५ घनतेचं. ट्रॉलरची जाळी बहुधा पॉलिएथिलीनची असतात, ०.९५च्या आसपास. निळे-हिरवे दोर पॉलिप्रॉपिलीनचे, ०.९. हे दोन्ही तरंगतात. तंगूस म्हणजे नायलॉनची एकेरी तार, १.१४. ती बुडते. म्हणजे हरवलेलं गिलनेट खाली जाऊन तळावर पसरतं आणि तिथे खेकडे, शेवंड, तळाचे मासे पकडत बसतं. ते मासे आत मरतात, त्यांना खायला आणखी येतात, तेही अडकतात. कुणी ओढायला येत नाही. त्याला भुताचं जाळं म्हणतात ते उगाच नाही.

गुहागरींनी पाहिलेला गुंता तरंगणाऱ्या मालाचा. त्यात नायलॉन होतं, पण ते पॉलिएथिलीन आणि थर्माकोलच्या आधारानं वर राहिलं. असे गुंते फिरता फिरता आणखी जाळी गोळा करत मोठे होतात. ऑलिव्ह रिडलेला खुल्या समुद्रात तरंगत्या ओंडक्याखाली, शेवाळाच्या पुंजक्याखाली थांबायची सवय आहे. सावली मिळते, खायला बारीकसारीक जीव मिळतात. आता तिथे ओंडक्याऐवजी जाळं असतं.

प्लास्टिक 'कुजत नाही' हे अर्धंच खरं. ऊन लागतं तिथे ते ठिसूळ होऊन तुटत जातं. पाच मिलिमीटरच्या आत आलं की त्याला मायक्रोप्लास्टिक म्हणायचं. खोल अंधारात, थंड पाण्यात तेही फार हळू होतं. म्हणून तळाला गेलेली तंगूस आपल्या नातवंडांनाही पुरेल.

---

सडेतोड

एवढी चर्चा कशाला? मासे खाणं बंद करा, जाळी बंद, प्रश्न मिटला.

---

खाडीकाठचा

@सडेतोड, आणि दुधाची पिशवी? ती माझ्या डोलीत कुणी टाकली, बोंबलानं?

---

पशुवैद्य_पालघर

(वरच्या जुगलबंदीत न पडता.)

पावसाळ्यात जखमी कासवं का लागतात हा प्रश्न नेहमी येतो. वर्षभर ती खोल पाण्यात अडकतच असतात. नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला की जी पोहू शकत नाहीत ती किनाऱ्याकडे ढकलली जातात. धडधाकट कासव वाऱ्याशी लढून बाहेर राहतं. म्हणजे किनाऱ्यावर दिसतात ती फक्त आपल्यापर्यंत पोहोचलेली. बुडालेल्यांची मोजदाद कुठेच नाही. डहाणूला वनविभाग आणि स्थानिक प्राणिमित्र संस्था मिळून कासवांचं उपचार केंद्र चालवतात. तिथे येणाऱ्यांमध्ये जाळ्यानं पुढचा पाय गेलेली कासवं पुष्कळ असतात.

जाळं नेमकं काय करतं ते सांगतो. तंगूस बारीक असल्यामुळे कासव जितकं झटतं तितकी ती आत जाते. आधी कातडी, मग रक्तपुरवठा तुटतो, पुढचा भाग सडतो. कित्येकदा आमच्याकडे येईपर्यंत फ्लिपर आपोआप गळायला आलेला असतो, आम्ही फक्त उरलेलं हाड नीट कापून जखम बंद करतो. एक पुढचा पाय गेलेलं कासव पोहू शकतं, काहींना परत सोडलंही जातं. दोन्ही गेले तर समुद्रात जगणं कठीण.

दुसरी गोष्ट लोकांना दिसत नाही. जाळ्यात धडपडताना फुप्फुसाला इजा होते किंवा आतडी काम करेनाशी होऊन पोटात वायू साठतो. मग कासव एका बाजूला कलंडून तरंगत राहतं, बुडी मारता येत नाही. बुडी नाही म्हणजे अन्न नाही आणि होड्यांपासून पळणं नाही. गुहागरींच्या मादीच्या पाठीवरचं शेवाळ त्याचीच खूण.

पोटातल्या प्लास्टिकबद्दल. कासवाच्या घशात मागे वळलेले काटे असतात, जेलीफिश निसटू नये म्हणून निसर्गानं दिलेले. त्यामुळे एकदा तोंडात गेलेली पिशवी त्याला थुंकता येत नाही. पिशवी जेलीफिशसारखी दिसते हे आपण शाळेत शिकलो, पण नुसतं दिसणं नाही. समुद्रात काही आठवडे राहिलेल्या प्लास्टिकवर जीवाणू-शेवाळाचा थर चढतो आणि त्याला खाद्याचा वास येतो. २०२० मध्ये लॉगरहेड या दुसऱ्या जातीच्या कासवांना असं प्लास्टिक हुंगवून पाहिलं, तर ती खऱ्या खाद्याला देतात तसाच प्रतिसाद देत होती. आणि २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलेल्या कासवांच्या अभ्यासातून असं निघालं की पोटात १४ तुकडे असतील तर मरण्याची शक्यता ५० टक्क्यांवर जाते. अगदी एका तुकड्यानंही जीव जाऊ शकतो, तो नेमका आतड्याच्या वळणावर अडकला तर.

तेव्हा गुहागरी, तुमच्याशी ऐंशी टक्के सहमत. मोठ्या कासवांच्या बाबतीत जाळं. पण पिल्लं पहिली काही वर्षं प्रवाहात वाहत्या गोष्टींबरोबर काढतात, जिथे सगळा तरंगता कचरा जमतो. त्यांच्या बाबतीत पिशव्या आणि तुकडे सोडून चालणार नाही.

---

सुगरण_साताऱ्याची

डॉक्टर, स्वार्थी प्रश्न विचारते. हे मायक्रोप्लास्टिक आपल्या ताटात किती येतं? मासे खाणं थांबवायचं का?

---

पशुवैद्य_पालघर

ताई, मी जनावरांचा डॉक्टर, माणसांचा नाही. पण माशांपुरतं सांगतो. माशात सापडणारे कण बहुतेक करून आतड्यात असतात. सुरमई, पापलेट, हलवा आपण पोट साफ करून खातो, तिथे बराचसा प्रश्न सुटतो. जे पोटासकट खातो त्यात कण येणार: जवळा, सुकट, बारीक मांदेली, आणि कालवं-तिसऱ्या, कारण ती पाणी गाळूनच जगतात. घरी आणलेल्या तिसऱ्या काही तास खाऱ्या पाण्यात ठेवायची आजीची पद्धत वाळू काढायला होती, ती चालू ठेवा. सगळं निघेल असं नाही. मी स्वतः जवळा सोडलेला नाही.

---

मालवणी_खाजा

आमच्याकडची खबर: आता रापणीत (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात) बांगडे कमी आणि प्लास्टिकच जास्ती गावता.

दुसरं, प्रवाळांचं कुणी बोललं नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली प्रवाळ आहेत, पर्यटक बघायला जातात. त्यांच्यावर जाळ्याचा तुकडा अडकला की लाटेबरोबर तो रोज घासत राहतो. २०१८ मध्ये आशिया-पॅसिफिकमधल्या १५९ प्रवाळभित्ती तपासल्या होत्या. प्लास्टिक न लागलेल्या प्रवाळाला रोग होण्याची शक्यता ४ टक्के, लागलेल्याला ८९ टक्के. ऊन अडतं, जखम होते, जंतू आत शिरतात. स्कूबावाल्या पोरांनी पाण्यात उतरताना पट्ट्याला एक कात्री लावावी, एवढं जरी केलं तरी बरंच होईल. मात्र अडकलेलं जाळं खेचायचं नाही, कापून सोडवायचं. खेचलं की प्रवाळ मोडतो.

---

अनंतपुरीकर

मी नोकरीनिमित्त तिरुअनंतपुरमला असतो. इथून दोन गोष्टी.

२५ मे २०२५ ला कोचीजवळ 'एमएससी एल्सा ३' हे जहाज बुडालं, ६४० कंटेनरसकट. बातम्यांत सगळा भर आतल्या रसायनांवर आणि तेलावर होता. चार-पाच दिवसांनी आमच्या इथल्या किनाऱ्यावर वाळूत पांढरे दाणे दिसायला लागले. हुबेहूब साबुदाणा. ओंजळ भरून घेतली तर बोटांमधून सुळकन निघून जायचे. हा प्लास्टिकचा कच्चा माल. याच्यापासून पुढे बादल्या, पिशव्या बनतात. स्वयंसेवक सूपं आणि चाळण्या घेऊन बसले होते. वाळू चाळायची, दाणे पाण्यात तरंगवून काढायचे, आणि दुसऱ्या दिवशी भरतीनं तिथेच नवा थर. मासे आणि पक्षी त्याला माशांची अंडी समजून खातात. श्रीलंकेत २०२१ मध्ये कोलंबोसमोर 'एक्स-प्रेस पर्ल' जळालं, तेव्हा असे सुमारे १,६८० टन दाणे जहाजावर होते, त्यानंतर किनाऱ्यावर मेलेली कासवं शेकड्यांनी मोजली गेली. ती आगीनं, रसायनांनी की दाण्यांनी, यावर वाद चालू राहिला, पण दाणे आजही वाळूत मिळतात.

म्हणून 'जाळं की पिशवी' या वादात तिसरा पक्षही धरा. ज्यानं अजून कुठलीच वस्तू होण्याआधी समुद्र गाठला, त्या प्लास्टिकला ना कोळी जबाबदार ना दूधवाला.

दुसरी गोष्ट चांगली आहे. कोल्लमजवळच्या शक्तिकुलंगरा बंदरात २०१७ मध्ये 'शुचित्व सागरम्' नावाचा उपक्रम सुरू झाला. जाळ्यात आलेलं प्लास्टिक परत समुद्रात टाकायचं नाही, दिलेल्या पिशवीत भरून बंदरात आणायचं. तिथे बायका ते धुऊन वेगळं करतात, तुकडे करून डांबरी रस्त्यांत वापरतात. मच्छीमार खातं, बंदर खातं, बोटमालकांच्या संघटना सगळे एकत्र आले म्हणून जमलं. महाराष्ट्रात असं कुठल्या बंदरात कायमस्वरूपी आहे का?

---

आकडेमोड्या

एक मुद्दा राहिला होता. मालदीवमध्ये ऑलिव्ह रिडले फारशी अंडी घालत नाही. तिथली मासेमारी मुख्यतः गळ आणि काठीनं होते, मोठी जाळी नाहीतच. तरीही तिथे वाहून येणाऱ्या जाळ्यांत अडकलेल्या कासवांत बहुसंख्य ऑलिव्ह रिडलेच असतात. त्यावरूनच तिथल्या एका संस्थेचं नाव 'ऑलिव्ह रिडले प्रोजेक्ट' पडलं, २०१३ ची गोष्ट. जाळी येतात कुठून? प्रवाह पाहता भारत, श्रीलंका आणि आजूबाजूच्या समुद्रांतून. मोसमी वाऱ्यांबरोबर अरबी समुद्राचे प्रवाह वर्षातून दोनदा दिशा बदलतात, तेव्हा आपलं जाळं त्यांच्या आणि त्यांच्या वाटेवरचं आपल्या किनाऱ्याला. गुहागरला आलेला तो गुंता कुणाच्या होडीचा हे सांगणं अशक्य आहे, कारण जाळ्यावर खूण नसते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं २०१८ मध्ये जाळ्यांवर खूण करण्याची मार्गदर्शक तत्त्वं केली, पण ती ऐच्छिक.

---

गुहागरी

सगळे प्रतिसाद वाचले. अनंतपुरीकर यांचा तिसरा पक्ष मान्य. तरी मी जाळ्यावरच परत येतो, कारण तिथे करण्यासारखं काहीतरी दिसतंय.

महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून एक योजना आहे. जाळ्यात कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा संरक्षित प्राणी आला आणि तो सोडवण्यासाठी मच्छीमारानं स्वतःचं जाळं कापलं, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. फोटो वा व्हिडिओ द्यायचा. आधी लोक घाबरायचे की कासव वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मधलं, सांगितलं तर आपल्यावरच केस. आता उलट अभिमानानं व्हिडिओ टाकतात. म्हणजे पैसे आणि मान दोन्ही दिलं की मच्छीमार पुढे येतो हे सिद्ध झालंय.

पण ही योजना वापरातल्या जाळ्याची. फाटलेल्या, टाकाऊ जाळ्याचं काय? २०२२ पासून प्लास्टिक पॅकिंग करणाऱ्या कंपन्यांवर ते परत गोळा करायची जबाबदारी आली. जाळं पॅकिंगमध्ये मोडत नाही, त्यामुळे जाळं बनवणाऱ्यावर काहीच नाही. नॉर्वेत १९८० च्या दशकापासून सरकारी जहाज दरवर्षी हरवलेली जाळी शोधून वर काढतं, आणि हरवल्याची खबर देणं मच्छीमाराला सक्तीचं आहे. दक्षिण कोरियात मच्छीमारांनी आणलेला समुद्री कचरा सरकार २००३ पासून विकत घेतं. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, यांत्रिक होड्या किनाऱ्यावर, त्यांची जाळी दुरुस्तीला बाहेर. तुकडे गोळा करायला याहून सोपा काळ कुठला? जेटीवर एक पिंजरा, वजनकाटा, आणि किलोमागे दर. एवढंच मागतोय.

---

खाडीकाठचा

पिंजरा ठेवाल, आठ दिवसांत त्यात पानाच्या पिचकाऱ्या आणि बिअरच्या बाटल्या पडतील. आमच्या जेटीवर ठेवला होता एकदा असा डबा, तो भरल्यावर उचलायला कुणी आलंच नाही. डबा ठेवणारा कोण, हे विचारायचं नाही. उचलणारा कोण, हे विचारायचं.

दर द्यायचा तर तो मच्छीमार सोसायटीमार्फत द्या. डिझेल सोसायटीतून मिळतं, परताव्याचे कागद तिथेच होतात, म्हणजे प्रत्येक होडीवाल्याला तिथे जावंच लागतं. जुनं जाळं वजनावर जमा, पावती, पुढच्या हिशोबात वळतं. भंगारवाला स्वच्छ नायलॉन घेतो आजही, पण मिसळलेलं, वाळू-शेवाळाचं, दोरासकट घेत नाही. ते वेगळं करायचं काम बायकांना मजुरीवर मिळालं तर बंदीच्या दोन महिन्यांत घरात चार पैसे येतील. नारळी पौर्णिमेपर्यंत हातात काही नसतं हो.

आणि ट्रॉलरवाल्यांना वगळून काही करू नका. मोठा गुंता त्यांचाच.

---

पॉलिमरवाला

वेगळं करण्याबद्दल: नायलॉन-६ पुन्हा वितळवून चांगलं सूत होतं, युरोपात जुन्या जाळ्यांपासून कापड बनवतात. पण पॉलिएथिलीन मिसळलं की दर्जा जातो. साधी ओळख सांगतो, सोसायटीत कुणीही करू शकेल. तुकडा बादलीभर पाण्यात टाका आणि दाबून हवेचे बुडबुडे काढा. बुडाला तर नायलॉन, तरंगला तर दुसरं. मजुरीला बसणाऱ्या बायकांना यंत्र नको, बादली पुरे.

---

मांदेली

मला वाटलं होतं मी फक्त हळहळ व्यक्त करून निघून जाईन. आता विचारते: आम्ही दरवर्षी जुलैत अलिबाग-मुरुडकडे जातो. असं कासव आम्हाला दिसलं तर नेमकं काय करायचं? ढकलून पाण्यात सोडायचं?

---

पशुवैद्य_पालघर

नाही! ही सगळ्यात मोठी चूक. किनाऱ्याला लागलेलं कासव दमलेलं किंवा आजारी असतं, परत ढकललं तर बुडून मरतं.

वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, जागा नीट सांगा. तोवर सावली करा, पाठीवर ओलं फडकं टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा. भोवतीचं सैल जाळं कात्रीनं कापलं तर चालेल, पण मांसात रुतलेली तंगूस ओढून काढू नका, रक्तस्राव होतो. गोडं पाणी, बिस्किटं, मासे काही भरवू नका. कुत्री लांब ठेवा, आणि सेल्फीवाल्यांना तर त्याहून लांब. उचलायची वेळ आली तर कवचाच्या दोन्ही बाजूंनी धरा, फ्लिपरला धरून कधीही नाही. कापलेलं जाळं वाळूत सोडू नका, पुढच्या भरतीला ते परत पाण्यात जाईल. पिशवीत भरून वनविभागाच्या गाडीत द्या.